आयपीची भाऊबंदकी कशी जोपासावी

घरातलं नेट विनातक्रार चालू आहे असं कुणी सांगितलं, की त्या घराची काळजी वाटते. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) गप, टीव्ही गप, प्रिंटर सांगितलं तेवढंच छापतोय. संध्याकाळी जिन्यातून "नेट काबरं बंद पडनं?" अशी हाक नाही. मग बोलायचं तरी काय? खान्देशातल्या भरल्या घरात इतकी शांतता बरी दिसत नाही. उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. एकाच आयपी पत्त्यावर, म्हणजे घरातल्या नेटवर उपकरणाला मिळणाऱ्या नंबरावर, दोन उपकरणं बसवा. एका सातबाऱ्यावर दोघांचा दावा लागला की जी पिढीजात करमणूक सुरू होते, तीच इथे दर पाच मिनिटांनी होते आणि वकील लागत नाही.

अडचण एकच आहे. राउटर स्वतःहून हे होऊ देत नाही. १९२.१६८.१.१ हा पत्ता स्वतःकडे ठेवून शेवटचा आकडा २ ते २५४ असलेले पत्ते तो डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटायच्या पद्धतीने) मागेल त्याला देतो, तेही ठरावीक मुदतीच्या लीजवर. काही राउटरमध्ये ही मुदत दोन तास असते, काहींत चोवीस. अर्धी मुदत संपली की उपकरण पुन्हा विचारायला येतं. हा शिरस्ता १९९७ सालच्या आरएफसी २१३१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा कागद) लिहिलेला आहे. वाटणारा एकच आणि कुणाला काय दिलं याची वही एकच असेल, तर एक पत्ता दोघांना जातच नाही. तेव्हा पहिलं तत्त्व लक्षात ठेवा: पत्ते वाटण्याचं काम राउटरवर कधीही सोडू नये.

सुरुवात कॅमेरेवाल्यापासून करा. तो डीव्हीआर बसवताना स्टॅटिक (हाताने ठरवलेला, न बदलणारा) आयपी टाकतो किंवा कारखान्यातून आलेला पत्ता तसाच ठेवतो. बऱ्याचदा तो १९२.१६८.१.६४ किंवा १९२.१६८.१.१०८ असतो. तुमच्या राउटरचा वाटपाचा पट्टा १०० ते १९९ असेल, तर १०८ नेमका पट्ट्याच्या आत बसला. डीव्हीआरने राउटरला काही विचारलंच नाही, त्यामुळे वहीत १०८ रिकामाच दिसतो. कॅमेरेवाल्याला पत्ता कुठला टाकला हे विचारू नका. विचारलंच तर लिहून ठेवू नका.

भांडण लगेच पेटलं नाही म्हणून निराश होऊ नये. राउटर वाटत वाटत १०८ पर्यंत पोहोचायला दिवस लागतात. शिवाय काही राउटर पत्ता देण्याआधी त्यावर पिंग मारून कुणी बसलंय का ते बघतात. हा अडथळा टाळायला रात्री खालचं दुकान बंद करताना मेन स्विचसकट डीव्हीआर बंद करा. त्याच वेळी वर घरात टीव्ही लागतो, राउटर पिंग मारतो, उत्तर येत नाही आणि १०८ टीव्हीला मिळतो. सकाळी शटर उघडलं की डीव्हीआर आपल्या जुन्या हक्काने परत हजर.

आता कोण जिंकतं? कुणीच नाही, आणि हीच यातली गंमत आहे. आयपी पत्ता कुठल्या मॅक पत्त्याचा (उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाचा) आहे ही नोंद राउटरच्या एआरपी तक्त्यात असते आणि जो शेवटचा बोलला त्याच्या नावावर ती चढते. मोबाइलवर कॅमेरे पाच मिनिटं दिसतात, मग काळे पडतात. तेवढ्यात टीव्हीवरची मालिका पुढे सरकते, मग तिथे गोल फिरायला लागतो. विंडोजचा कॉम्प्युटर यात सज्जन. पत्ता वापरण्याआधी "इथे कुणी आहे का" असं तो विचारतो, आणि कुणी असेल तर रीतसर निरोप दाखवून माघार घेतो. २००८ सालच्या आरएफसी ५२२७ मध्ये हीच पद्धत सांगितली आहे. काही स्वस्त टीव्ही बॉक्सना मात्र हे सोपस्कार मान्य नाहीत. डीव्हीआर कधीकधी बीप करून तक्रार करतो. त्याच्या मेनूत एक्सेप्शनमध्ये आयपी कॉन्फ्लिक्टचा बझर असतो. तो बंद करून टाका. घरात एकच शहाणा बोलत होता, तोही गप्प झाला.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत डीएचसीपी चालू करायचं, मग राउटरच्या पानावर ॲड्रेस रिझर्व्हेशनमध्ये डीव्हीआरचा मॅक टाकून त्याला कायमचा १९२.१६८.१.२० बांधून द्यायचा. पाच मिनिटांचं काम आहे आणि वर्षानुवर्षांचं भांडण मिटतं. स्टॅटिकच हवा म्हणून कुणी हटून बसलं, तर पट्ट्याबाहेरचा पत्ता टाकला तरी भागतं: आयपी १९२.१६८.१.२०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटर) १९२.१६८.१.१. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून कॅमेरे बघायची वाट) जुन्या पत्त्यावर असेल तर तेही बदलावं लागतं. इतकी शिस्त अंगी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

पुढची पायरी धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात फार छान जमते. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती. ओसरीवरचं वायफाय माजघरात पोहोचत नाही. म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणा, केबलवाल्याच्या फायबर डब्याच्या लॅन पोर्टमधून (घरातली उपकरणं जोडायच्या भोकातून) वायर काढून नव्याच्या लॅन पोर्टमध्ये खोचा आणि बटण दाबा. सेटिंग उघडून बघायची नाही. आता घरात पत्ते वाटणारे दोन झाले आणि एकाची वही दुसऱ्याला माहीत नाही. एकाने १०१ आजोबांच्या फोनला दिला, दुसऱ्याने तोच १०१ प्रिंटरला. जो आधी उत्तर देईल त्याचं ऐकायचं असा उपकरणांचा नियम असल्यामुळे निकाल रोज वेगळा लागतो. दोन्ही राउटर कारखान्यातून १९२.१६८.१.१ घेऊन आले असतील तर दुधात साखर: गेटवेच दोन. नव्याचा पत्ता १९२.१६८.०.१ निघाला तर चव जरा वेगळी. निम्म्या फोनना १९२.१६८.०.चा पत्ता मिळतो, वायफायच्या दांड्या भरगच्च दिसतात आणि नेट शून्य, कारण ज्या गेटवेकडे ते बाहेरचा रस्ता विचारतात त्यालाच बाहेर जायला वायर नाही.

ही मजा बिघडवणारे लोक असे वागतात. नवा राउटर जोडण्याआधी त्याला एकट्यालाच लॅपटॉपची वायर लावतात. आधी त्याचा लॅन आयपी १९२.१६८.१.२ करतात, नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करतात आणि मगच डीएचसीपी बंद करतात. क्रम उलटा केला तर डीएचसीपी बंद झाल्यावर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि सेटिंगचं पान उघडायला हाताने पत्ता टाकत बसावं लागतं. नंतर लॅन ते लॅन वायर, वॅनचं (बाहेरच्या लाइनचं) भोक रिकामं. काही राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड नावाचं एकच बटण हे सगळं करून टाकतं. अशा बटणांपासून लांब राहा.

आता लाईट. लोडशेडिंगला उगाच शिव्या देतात. या कामी तिच्यासारखी मदत कुणाची नाही. फक्त वायरिंग विचारपूर्वक हवं. डीव्हीआर, कॉम्प्युटर आणि त्यांच्या नेटच्या वायरी जोडणारा नेटवर्क स्विच इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या; राउटर मात्र साध्या बोर्डावर राहू द्या. लाईट गेली की राउटर मरतो, आली की उठतो. पण बऱ्याच घरगुती राउटरची वही रॅममध्ये असते, ती उठताना कोरी होते. तो पुन्हा पहिल्यापासून वाटायला बसतो. वायफायवरचे फोन जोडणी तुटल्यामुळे नव्याने विचारायला येतात. स्विचमागच्या कॉम्प्युटरची वायर मात्र क्षणभरही मेलेली नसते, म्हणून काही घडलंय हे त्याला कळतच नाही. तो जुन्याच पत्त्यावर बसून राहतो. लीज चोवीस तासांची असेल तर बारा तासांपर्यंत त्याची विचारायला यायची वेळ होत नाही. मुदत जितकी लांब तितकं नाट्य मोठं.

मे महिन्यात लाईट गेली नाही तरी चालतं. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर गेला असताना राउटर पत्र्याच्या खोलीत, कपाटावर, पत्र्याला टेकून ठेवा. बहुतेक घरगुती राउटरच्या कागदावर चालण्याचं तापमान ० ते ४० अंश छापलेलं असतं, म्हणजे दुपारी तो आपोआप बंद-चालू होईल. बारा व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. तो घ्यायचा मोह झाला, तर आधी ॲडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते वाचावं लागतं, १ की २. वाचायचा कंटाळा हाच तुमचा बचाव.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी-जावई-भाचरं आली की पुढचा अंक. त्याआधी वाटपाचा पट्टा १०० ते १०९ असा दहाचाच करून ठेवा. अकराव्या फोनवर "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" एवढंच येत राहील. मग कॉलेजातला भाचा पुढे होईल, "मामा, थांबा, मी करतो" म्हणेल आणि वायफायच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपीचं स्टॅटिक करेल. ॲण्ड्रॉइडमध्ये तिथे नमुना म्हणून पुसट अक्षरात १९२.१६८.१.१२८ दिसतो. तो तोच टाकेल. पाच मिनिटांनी दुसरा भाचा त्याच्या फोनवर हेच करेल, कारण त्यालाही तोच नमुना दिसणार. दोघांना नेट अर्धं अर्धं मिळेल आणि दोघे एकमेकांना "तुन्हा फोनच भंगार शे" म्हणतील. हे सेटिंग फोनमध्ये त्या वायफायपुरतं टिकून राहतं, म्हणजे पुढच्या आखाजीलाही खर्च नाही. पट्टा १०० ते १९९ ठेवून, पाहुणे असेपर्यंत लीज दोन तासांची करून किंवा गेस्ट नेटवर्क देऊन भाच्यांची ही करामत वाया घालवणारे मामा असतात. त्यांच्याकडे कुणी दोन दिवसांवर राहू नये.

भांडण लागल्यावर दोष कुणाला द्यायचा? शेजाऱ्याला. "त्यानं आपला आयपी घेतला" हे वाक्य खिडकीत उभं राहून मोठ्याने म्हणा. खरं म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी आहेत. १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत आणि शेजाऱ्याच्या घरात तोच १०८ सुखाने नांदत असतो. दोन्ही घरांचे पत्ते आपापल्या राउटरच्या आत संपतात. तुमच्या वायफायचा पासवर्ड त्याच्याकडे असेल तर गोष्ट निराळी.

पुरावा शोधू नका, कारण तो फार लवकर सापडतो. डीव्हीआरची वायर काढायची, कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून १०८ ला पिंग करायचं. वायर काढूनही उत्तर आलं, तर तिथे दुसरं कुणीतरी बसलंय. "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" हे उत्तर धरायचं नसतं. ते आपलाच कॉम्प्युटर आपल्याला सांगत असतो. (तुम्ही धरा.) मग एआरपी -ए लिहिलं की त्या पत्त्यासमोर मॅक दिसतो. त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी कळते आणि उपकरणाखालच्या चिकटपट्टीशी पूर्ण आकडा जुळवला की चोर हातात. पिंगला उत्तर देतो पण राउटरच्या डीएचसीपी यादीत नाही, तो स्टॅटिकवाला. फोनचा मॅक जुळत नसेल तर घाबरू नका. ॲण्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खोटा मॅक दाखवतात. म्हणून फोनच्या माहितीत लिहिलेल्या मॅकवर केलेलं रिझर्व्हेशन लागू होत नाही. घरच्या वायफायपुरतं ते खासगीपण बंद करावं लागतं, किंवा राउटरच्या यादीत दिसतो तोच मॅक घ्यावा लागतो.

एवढं करूनही घर शांतच राहिलं तर ब्रह्मास्त्र काढा. नव्या प्रिंटरला किंवा डीव्हीआरला थेट १९२.१६८.१.१ द्या. बाहेर जाणारा प्रत्येक फोन राउटरला हाक मारेल आणि अधूनमधून ओ देईल प्रिंटर. मग सारं घर मिळून केबलवाल्याला फोन करेल, तो तिकडून "आपल्याकडून लाइन क्लिअर आहे" म्हणेल, आणि या एका प्रसंगी तो खरं बोलत असेल.

तो येईपर्यंत थांबू नका. राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबा. रिझर्व्हेशन, वायफायचं नाव, पट्टा, सगळं पुसलं जातं. सोबत पीपीपीओईचं (केबलवाल्याच्या लाइनवर लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्डही जातं, जे नेट घेतलं त्या दिवशी कुणीतरी कॅलेंडरच्या मागे लिहिलं होतं आणि ते कॅलेंडर डिसेंबरात रद्दीत गेलं. प्रिंटर मात्र अजूनही १९२.१६८.१.१ वरच आहे. त्याला कुणी पिन लावलेली नाही.