चंद्र दाबू नये

प्राथमिकच्या मुलांना सूर्यमाला शिकवायची जुनी पद्धत फार सुखाची होती. भिंतीवर तक्ता टांगायचा. त्यात एका कडेने सूर्य डोकावत असतो आणि आठही ग्रह प्रार्थनेला उभे केल्यासारखे एका रांगेत, तेही हातभर अंतर न सोडता. मुलं नावं पाठ करतात, शनीची कडी रंगवतात, २००६ साली प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढलं म्हणून थोडी हळहळतात आणि धडा संपतो.

मग आमच्या मोठ्या बाई एका कार्यशाळेला जाऊन आल्या. कार्यशाळेहून ताजा परतलेला वरिष्ठ हा निसर्गातला एक धोकादायक प्राणी आहे. म्हणाल्या, "मुलं तो ठोकळे रचायचा गेम खेळतात ना, मायनक्राफ्ट? यंदा अवकाश त्यातच घ्या. आनंददायी होईल." कोणाला, ते काही बोलल्या नाहीत.

ज्यांच्या घरी हे प्रकरण अजून पोचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते (असे कोणी असतील तर पत्ता कळवा, मी राहायला येते). या खेळातलं सगळं जग एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच ठोकळ्यांचं असतं. ते खोदायचे आणि हवे तिथे रचायचे. खेळ पूर्ण स्वरूपात २०११ मध्ये आला, म्हणजे माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलापेक्षा तो वयाने मोठा आहे. मुलं त्याला तेवढा मानही देतात. माझं वय त्याच्या कितीतरी पट असूनही मला ती सवलत मिळालेली नाही.

पहिली अडचण अशी, की मी सूर्य शिकवायला गेले तर तिथे सूर्य आधीच हजर. चौकोनी. शिवाय तिथला दिवस वीस मिनिटांचा. आपल्या एका तासात तिथे तीनदा उजाडतं आणि तीनदा मावळतं. मी म्हटलं, चला, यालाच धरून पुढे जाऊ. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतं, त्यामुळे तिथल्या अंतराळवीरांना एका दिवसात सोळा सूर्योदय दिसतात. मी "आहा" ऐकायला थांबले. पहिल्या बाकावरची शांतपणे म्हणाली, "फक्त सोळा? आमच्याकडे बहात्तर होतात." हा हिशेब तिने तोंडी केला. गणिताच्या तासाला हीच मुलगी बोटं कमी पडली की शेजारणीची घेते.

चंद्राचं तर विचारूच नका. खेळात चंद्राच्या आठ कला आहेत, बघून मला भरून आलं. पण तो कलेप्रमाणे वागत नाही. पौर्णिमा असो की अमावास्या, सूर्य मावळला की हा समोरून उगवणार म्हणजे उगवणारच. अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो, म्हणून तर तो आपल्याला दिसत नाही, हे मी फळ्यावर तीन वर्तुळं काढून समजावलं. मुलांनी ते मान्य केलं. चुकीचा फळा आहे की गेम, एवढ्याच मुद्द्यावर वर्गात दोन तट पडले. फळ्याच्या बाजूने कमी मुलं होती.

गुरुत्वाकर्षणाने मात्र माझी खरी परीक्षा पाहिली. या जगात झाडाचं खोड मधूनच तोडलं तरी वरची फांद्या-पानं हवेत तशीच लटकत राहतात. हवेत ठेवलेली वीट हवेत राहते. पडतात ते वाळू आणि खडी. त्यामुळे "गुरुत्वाकर्षण म्हणजे काय?" या प्रश्नाला वर्गाचं एकमुखी उत्तर होतं, "वाळूला असतं ते." मी १९७१ सालची गोष्ट सांगितली. अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पीस सोडलं. तिथे हवा नाही, त्यामुळे दोन्ही एकदमच खाली पोचले. वर्ग स्तब्ध झाला. मग चष्मेवाल्याने विचारलं, "हातोडा वाळूचा होता?"

"आणि मग चंद्र पृथ्वीवर का पडत नाही?" मी हट्टाने पुढे रेटलं.

"कारण तो तिथे ठेवलाय."

एवढं स्वच्छ उत्तर न्यूटनलाही सुचलं नव्हतं. तो सतत पडतोच आहे, पण आडव्या दिशेने इतक्या वेगाने चालला आहे की पडता पडता पृथ्वी चुकते, हे माझं उत्तर त्यापुढे उगीच सारवासारव केल्यासारखं वाटत होतं.

शेवटी मी ठरवलं, खेळातलं आकाश खेळालाच लखलाभ. आपण जमिनीवर आपली सूर्यमाला बांधायची, आणि तीही मापात. एक ठोकळा म्हणजे एक पृथ्वी. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, बाकी सगळं त्या हिशेबाने.

पृथ्वी दोन सेकंदांत झाली. एक निळा ठोकळा. "आपलं घर कुठंय यात?" असं एकीने विचारलं आणि पुढची दहा मिनिटं त्यात गेली. गुरू अकरा ठोकळ्यांचा निघाला. तोही जमला, छान नारिंगी पट्ट्यांचा. मी शुक्र-मंगळाकडे वळले तोवर दोघांनी गुरूच्या माथ्यावर दारं-खिडक्यांसकट घर बांधलं होतं. गुरू हा वायूचा गोळा आहे, त्यावर उभं राहायला टणक जमीनच नाही, हे मी सांगितलं. त्यांनी घराला जिना लावला.

सूर्याचा व्यास १०९ ठोकळे. ऐकायला बरं वाटतं. पण भरीव गोळा करायचा तर पावणेसात लाखांहून जास्त ठोकळे लागतात आणि सेकंदाला एक या वेगाने एका मुलाला जेवण, झोप, गृहपाठ सोडून जवळजवळ आठ दिवस बसावं लागेल. गृहपाठ सोडायला सगळे तयार होते. मी चपटी चकती करायचं ठरवलं. साधारण ९,३०० ठोकळे, सगळ्या वर्गाने मिळून एका तासात होण्यासारखं काम. "बाई, सूर्य चपटा?" हा आक्षेप मी ऐकू न आल्यासारखं करून उडवला. मग रंगावरून वाद. अवकाशातून सूर्य पांढरा दिसतो असं मी म्हटल्यावर अर्ध्यांनी पांढरा घेतला, उरलेल्यांनी निषेध म्हणून पिवळा. मधेच कोणीतरी काळे ठोकळे लावले. मी रागावणार तोच उत्तर आलं, "सौरडाग आहेत." आता यावर काय बोलणार? सौरडाग आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा थंड असतात म्हणून काळपट दिसतात, आणि पृथ्वीएवढे, त्याहून मोठेही असतात. एक ठोकळा, एक डाग, माप बरोबर. वर्गात पहिल्यांदाच कोणीतरी मापात खोडी काढली होती.

राहिला चंद्र. त्याचा व्यास पृथ्वीच्या साधारण पाव, आणि खेळात पाव ठोकळा नसतो. चष्मेवाल्याने तोडगा काढला: दगडी बटण. भिंतीला लावायचं छोटंसं करडं बटण, आकार जवळजवळ अचूक. पृथ्वीपासून तीस ठोकळ्यांवर एक दगड उभा करून त्यावर चंद्र चिकटवला. मी त्याला शाबासकी दिली. पण बटणाचा स्वभाव असा, की ते दाबलं जातं. ज्याला त्याला जाता-येता चंद्र दाबायचा होता. सगळ्या कॉम्प्युटर लॅबमध्ये टिक्, टिक्, टिक्. "चंद्र दाबू नये" असं मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. नेमक्या त्याच वेळी दारातून मोठ्या बाई डोकावल्या, वाचलं, आणि काही न विचारता निघून गेल्या.

फळ्यावर लिहिल्यामुळे व्हायचं तेच झालं. बटणापासून पृथ्वीपर्यंत कोणीतरी रेडस्टोनची, म्हणजे खेळातल्या विजेची, तार ओढली आणि पृथ्वीखाली टीएनटी, म्हणजे खेळातला सुरुंग, पुरला. पुढच्या माणसाने चंद्र दाबला आणि पृथ्वी गेली. तारेचा संदेश पंधरा ठोकळ्यांनंतर विरतो, म्हणून मधे रिपीटर लावावा लागतो, आणि तो अगदी योग्य जागी लावलेला होता. हे काम मागच्या बाकावरच्याचं. पंधराचा पाढा त्याला येत नाही. मी खडसावलं तर म्हणतो, "तुम्हीच म्हणालात ना, पृथ्वीवर काहीतरी आदळलं आणि त्यातून चंद्र झाला? मी उलटं करून बघितलं." साडेचार अब्ज वर्षांपूर्वी मंगळाएवढं काहीतरी पृथ्वीवर आदळलं असावं, हे मी खरोखरच सांगितलं होतं. आपण शिकवलेलं मुलांच्या लक्षात राहतं याचा आनंद कधी मानावा आणि कधी नाही, हे प्रशिक्षणात शिकवायला हवं.

नवी पृथ्वी ठेवली आणि आम्ही सूर्याकडे निघालो. अंतर सुमारे ११,७४० ठोकळे. उडायचं नाही, आज्ञा टाइप करून टुणकन पोचायचं नाही, चालायचं. खेळातला माणूस सेकंदाला चारपेक्षा थोडे जास्त ठोकळे चालतो, म्हणजे पाऊण तास. मोठ्या बाईंकडून मी जोडतास मागून घेतला होता.

पहिली पाच मिनिटं उत्साह. मग गवत. मग आणखी गवत. खेळात फार तर काहीशे ठोकळ्यांपलीकडचं दिसत नाही, त्यामुळे मागे पृथ्वी धुक्यात गेली आणि पुढे सूर्य अजून धुक्यातच. "बाई, शुक्र कधी येणार?" साडेबारा मिनिटांनी. तो आला तेव्हा निम्मी मुलं जरा डावीकडून चालत होती, त्यांचा शुक्र हुकला. एक ठोकळाच तो. परत जाऊन शोधायची परवानगी मागितली, मी दिली नाही. बुध तर ठोकळ्याच्या निम्म्याहूनही लहान, तो सापडलाच नाही.

"मधे काहीच नाही?" पहिल्या बाकावरचीने विचारलं.

"काहीच नाही."

"मग तक्त्यात सगळे एवढे चिकटून का आहेत?"

"कागद पुरत नाही म्हणून."

तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. आपल्याला इतकी वर्षं फसवणाऱ्याकडे पाहावं तसं.

तेवढ्यात मागचा बाक गायब झाला. उडत गेला होता. त्याला जाब विचारायच्या आधी मी मनात हिशेब केला आणि गप्प बसले. आमच्या मापात प्रकाशाचा वेग सेकंदाला साडेतेवीस ठोकळे पडतो, आणि हा पठ्ठ्या जोरात उडून साडेएकवीसने चालला होता. प्रकाशाला सूर्यापासून पृथ्वीवर यायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात, याला नऊ मिनिटं. आइन्स्टाइनचा नियम जेमतेम पाळला गेला होता. हे मी सगळ्यांना सांगितलं, आणि तिथेच माझा ताबा सुटला. पुढचा अर्धा तास प्रकाशापेक्षा वेगाने कसं जायचं याच्या चर्चेत गेला. पंख लावून मागून फटाके उडवले तर जमतं म्हणे.

सूर्य धुक्यातून अचानक समोर आला तेव्हा चार मुलं त्यावर आपटली.

"आता नेपच्यून!" ते साडेतीन लाख ठोकळे, बावीस-तेवीस तासांची चाल. मी म्हटलं, आईवडिलांची चिठ्ठी आणा. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, तर या जगात मावतच नाही. मध्यापासून कुठेही निघालं तरी तीन कोटी ठोकळ्यांवर जग संपतं, आणि तो आहे तीनशे कोटींहूनही लांब. हे ऐकून मात्र वर्गातून तो "आहा" आला. मी इतके दिवस ज्याची वाट बघत होते तो. आला तोही खेळ लहान पडला म्हणून.

मग चाचणी घेतली. प्रश्न साधा: पृथ्वीपासून सूर्य किती दूर आहे? बहुतेकांनी सुमारे १५ कोटी किलोमीटर लिहिलं. मागच्या बाकावरच्याने लिहिलं: "चालत पाऊण तास. पळत गेलं तर पस्तीस मिनिटं, पण भूक लागते. उडत नऊ मिनिटं, पण बाई उडू देत नाहीत."

मी दोनपैकी एक गुण दिला. दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन हजर.

"बाई, एक गुण कशाचा कापला?"

"अंतर विचारलं होतं. तू वेळ लिहिलीस."

"तुम्हीपण मिनिटांतच सांगितलं होतं. प्रकाशाला आठ मिनिटं वीस सेकंद."

खगोलशास्त्रज्ञसुद्धा अंतरं प्रकाशवर्षांत मोजतात, हे मीच शिकवलं होतं. मी निमूटपणे दुसरा गुण दिला. तो जागेवर जाऊन बसेपर्यंत माझ्या टेबलापुढे रांग लागली होती, १५ कोटी किलोमीटर लिहिणाऱ्यांची. सगळ्यांच्या हातात पेपर आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "मग आमचं चूक आहे का?"