चुंबक घमेलं उचलतो, वाळू नाही

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: शिरोलीच्या फौंड्रीत चुंबक वाळूतनं लोखंड ओढतो, तसाच नॅनो-चुंबक रक्तातनं, दुधातनं प्रथिनं ओढतो, कारण प्रथिनांत लोह असतं. कण जेवढे बारीक तेवढं काम फक्कड. एका फेरीत शंभर टक्के शुद्ध. कॉलम, म्हणजे प्रथिनं वेगळी करायची दाण्यांनी भरलेली नळी, आता भंगारात. आणि शेवटी, घरी दुधावर करून बघा.

लोहापासून सुरू करू, कारण सगळी गडबड तिथंच आहे. बहुतेक प्रथिनांत लोह नसतंच. हिमोग्लोबिनमध्ये असतं, पण जवळपास ६४,५०० डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे अणू-रेणूंच्या वजनाचं एकक) रेणूत लोहाचे अणू फक्त ४, म्हणजे वजनाने हजारात साडेतीन भाग. त्यातही ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे जात नाही, उलट किंचित दूर ढकललं जातं. हे पॉलिंग आणि कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी १९३६ सालीच दाखवलं.

मग ओढलं जातं काय? मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचा कण. त्यावर सिलिका किंवा पॉलिमरचा लेप आणि लेपावर हवं ते प्रथिन धरणारा रेणू. अँटिबॉडी हवी असेल तर तिला धरणारं प्रोटीन-ए. जिवाणूकडून बनवून घेतलेल्या प्रथिनाला सहा हिस्टिडिनचं (हिस्टिडिन हे एक अमिनो आम्ल) शेपूट जोडलं असेल तर त्याला धरणारं निकेल. फौंड्रीचाच दाखला द्यायचा तर चुंबक उचलतो ते लोखंडी घमेलं. आत काय भरलंय याच्याशी त्याचं देणंघेणं नाही.

'जेवढे बारीक' हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य खोडायला जास्त घाम गाळावा लागतो. दहा-पंधरा नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटचा खरा गुण असा की चुंबक बाजूला केला की त्याचं चुंबकत्व उरत नाही. कण एकमेकांना चिकटून बसत नाहीत, पुन्हा द्रावणात पसरतात. पण ओढ असते आकारमानावर. व्यास दहापट घटला की ओढ हजारपट घटते, आणि पाण्याच्या रेणूंचे धक्के मात्र चालूच. सुटा कण साध्या चुंबकाला दाद देत नाही. म्हणून असे असंख्य कण एका मोठ्या मण्यात कोंबतात. डायनाबीड्स या तयार मण्यांच्या ब्रँडमधला एक नेहमीचा मणी २.८ मायक्रोमीटरचा आहे. सुमारे ५० नॅनोमीटरचे कण वापरायचे, तर चुंबकात बसवलेला खास कॉलम लागतो. हो, कॉलमच!

शंभर टक्के शुद्ध? निकेलला प्रथिन बनवून देणाऱ्या ई. कोलाय जिवाणूची स्वतःची हिस्टिडिनवाली प्रथिनंही चिकटतात, त्यातलं स्लाय-डी तर हमखास. म्हणून आधी थोड्या इमिडॅझोलने (निकेलवरची हिस्टिडिनची जागा घेणारं रसायन) धुवायचं, मग जास्त इमिडॅझोलने प्रथिन सोडवायचं, आणि जेल चालवल्याशिवाय, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून बघितल्याशिवाय, शुद्धतेबद्दल तोंड उघडायचं नाही.

मण्यांची खरी कमाल वेगळीच आहे. फोडलेल्या पेशींचा गढूळ रस्सा गाळत न बसता थेट घालता येतो, सेंट्रिफ्यूज लागत नाही, लहान नमुने भराभर होतात. कोरोनाच्या तपासणीत आरएनए काढायला असेच सिलिकाचे मणी वापरले. पण लिटरांनी माल काढायचा असेल तर पुन्हापुन्हा वापरता येणारा रेझिनच्या दाण्यांचा कॉलमच परवडतो.

राहिलं घरचं दूध. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं असलं तरी त्यात मॅग्नेटाइटची काळी पूड घालू नका, ते दूध वाया जाईल. प्रथिन वेगळं झालेलं बघायचंच असेल तर गरम दुधात लिंबू पिळा. केसीन गोळा होऊन पाण्यापासून सुटतं.