सत्रान्त

माझा मुलगा यंदा पणजीच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला गेला आणि पहिले सत्र संपेपर्यंत त्याचे वजन दोन किलोंनी वाढले, तर माझे तेवढेच घटले. आमच्या घरात परीक्षेविषयी बोलण्याचा अधिकार तसा माझ्या थोरल्या काकांचा. गोवा विद्यापीठ 1985 साली स्थापन झाले. काका त्याआधीचे पदवीधर, म्हणजे मुंबई विद्यापीठाचे. "आमचे पेपर मुंबईहून यायचे," हे वाक्य ते बंदरात माल उतरल्याच्या थाटात उच्चारतात आणि वर्षातून दोनदा होणाऱ्या परीक्षेला परीक्षा म्हणायलाच तयार नसतात.

मी स्वतः पतसंस्थेत 26 वर्षे कारकुनी केलेली असल्यामुळे या अभ्यासक्रमात 'क्रेडिट' असतात हे कळल्यावर मला मोठा धीर आला होता. नव्या शैक्षणिक धोरणानुसार सत्राला 20 क्रेडिट आणि एका क्रेडिटला वर्गातले 15 तास, म्हणजे एकूण 300 तास झाले. त्यांपैकी डोक्यात किती जमा आहेत याचा ताळेबंद मी एका रात्री मागितला, तेव्हा मुलाने शांतपणे सांगितले, "बाबा, ताळेबंद दुसऱ्या पेपरात आहे." सत्रान्त परीक्षेला ही मुले 'एसईए' म्हणतात. ती तीन इंग्रजी अक्षरे जोडून वाचली की समुद्र होतो, हे मला त्याच्या बुटांतून बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, सांडलेली मिरामारची वाळू झाडताना सुचले.

तिकडे पत्नीने देवळात जाऊन गाऱ्हाणे घालून घेतले. मुलगा कॉमर्सला आहे, एवढेच तिने पुजाऱ्यांना सांगितले होते. त्यामुळे त्यांनी 'लेकराच्या धंद्यात बरकत येऊ दे, उधारी वसूल होऊ दे' असे मागणे मागितले आणि जमलेल्या मंडळींनी 'होय महाराजा' म्हणून त्याला पाठिंबाही दिला. ते दुरुस्त करून घेणे बरे दिसले नसते.

माझ्या वाट्याला रात्री नऊ ते अकरा प्रश्न विचारण्याचे काम आले होते. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम मी त्याला इतक्या वेळा विचारला की तो माझाच पाठ झाला: एकाच वस्तूचे नग लागोपाठ उपभोगत गेल्यास प्रत्येक पुढच्या नगापासून मिळणारे समाधान कमी होत जाते. गोसेन नावाच्या जर्मन गृहस्थाने ही गोष्ट 1854 साली लिहून ठेवली आहे. उदाहरण सांग म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "तुम्ही सकाळी 'अभ्यास झाला का' विचारता, तेव्हा बरे वाटते. दुपारी फोनवर विचारता, तेव्हा थोडे कमी बरे वाटते. चौथ्यांदा उपयोगिता शून्य होते आणि पाचव्यांदा ऋण." उत्तर बिनचूक असल्यामुळे मला रागावताही येईना.

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी पहिला पेपर होता. तरीही चिरंजीव आठ रात्री 'गट प्रकल्पा'साठी बाहेर जात होते आणि केसांना खळ लावून परतत होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे नाक्यावर गेलो तेव्हा तो प्रकल्प पंधरा फूट उंच उभा होता. पहाटे जाळायचा नरकासुराचा पुतळा पुढून हिरवा-तांबडा रंगवलेला होता; पाठीपर्यंत मात्र रंग पुरला नव्हता आणि डाव्या खांद्याखाली चिकटवलेल्या कागदावर मला माझ्याच हस्ताक्षरात 'हमखास येणार' असे दिसले. फोंड्याच्या तिस्कावरून मी हौसेने झेरॉक्स करून आणलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका त्या असुराने खांद्यापासून कमरेपर्यंत पांघरल्या होत्या. वर्तमानपत्रे कमी पडली म्हणे. "पण बाबा, वाचून झाल्यावरच दिल्या," असे मुलगा सांगत असतानाच कोणीतरी काडी ओढली. 'कोणत्याही चार प्रश्नांची उत्तरे लिहा' ही सूचना सर्वांत शेवटी जळाली.

परीक्षेचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही; पाव विकत फिरणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजण्याआधी मी उठत होतो आणि तो वाजून गेल्यावर अर्ध्या तासाने मुलगा उठत होता, एवढे पुरे. शेवटच्या पेपराच्या दिवशी मात्र काही म्हणजे काही विचारायचे नाही, असे ठरवून मी फोंड्याच्या बसस्थानकावर कदंबाच्या शटलची वाट पाहत थांबलो. तो उतरला. आम्ही जवळच्या हॉटेलात भाजीपाव मागवला आणि मी मुकाट्याने पाव मोडू लागलो. दुसऱ्या पावाला त्यालाच राहवेना.

"तो नियम आला होता," तो म्हणाला, "उदाहरण तुमचेच लिहिले."

"किती गुणांना?" मी विचारले. दिवसातला तो माझा पहिलाच प्रश्न असल्यामुळे त्याने सरळ उत्तर दिले.