भाड्याचं सॉफ्टवेअर

आषाढीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबतात ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. चार महिने कॅमेरा कपाटात, पण फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं भाडं दर महिन्याला खात्यातून कापलं जातंच! मधेच बंद करायचं तर वर दंड. संताप होतो नुसता. अहो, गिम्प नावाचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर १९९६ पासून फुकट मिळतंय. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून निघणाऱ्या कच्च्या फाइलींसाठी डार्कटेबल आहे, रॉथेरपी आहे. डार्कटेबल अंगवळणी पडायला मला दोन आठवडे लागले, मान्य. पण मूळ फाइलला ते हातही लावत नाही. सगळे बदल शेजारच्या छोट्याशा एक्सएमपी फाइलमध्ये. तरी क्लासवाले नव्या पोरांना पहिल्या दिवसापासून भाड्याचंच शिकवतात. कर्ज काढून कॅमेरा घेतलेली पोरं आहेत हो ती!