अजून थोडं वाका

सायकलला मागचा दिवा घ्यायला गेलेल्या माणसाला भर बाजारात, रस्त्यापलीकडे, पाठ करून ओणवं उभं करायचा अधिकार कोणी कोणाला दिला, हा प्रश्न शनिवारपासून माझ्या डोक्यातून जात नाही. बायको म्हणते, सोडून द्या. तिचं काय जातंय? ओणवा मी होतो.

पार्श्वभूमी लवकर उरकतो. डॉक्टरांना माझ्या रक्तात साखर दिसली, मी माळ्यावरची सायकल काढली, आणि पावसाळी संध्याकाळी फोंड्याहून म्हार्दोळला परतताना रस्त्यावर कोणाला काय दिसतं याचा अंदाज आला. कोणाला काहीच दिसत नाही. म्हणून दिवा.

दुकान फोंड्याच्या बाजारातलं. नाव सांगत नाही, उद्या पंक्चर काढायला तिथेच जायचंय. दुकानदार बरा माणूस. ‘‘किदें जाय, सर?’’ म्हणाला. मी म्हटलं, मागचा लाईट दाखवा, चांगला. इथवर व्यवहार सरळ होता. पण दारात रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर एक भाई बसले होते. आमच्याकडे दर दुकानात असे एक भाई असतात. ते गिऱ्हाईक नसतात, भागीदार नसतात, मालकाचे नातेवाईकही नसतात. सकाळी शटरबरोबर वर येतात, रात्री शटरबरोबर खाली जातात. या भाईंच्या हातात पेपर होता, निधनवार्तांच्या पानावर घडी घातलेला.

‘‘मागचा?’’ भाईंनी पेपर खाली घेतला. ‘‘मागचा कशाला?’’

‘‘मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून.’’

‘‘त्याच्या गाडीला लाईट नाही?’’

‘‘आहे.’’

‘‘मग?’’

मी दुकानदाराकडे बघितलं. तो कपाटात डोकं घालून बसला होता. या ‘मग’शी त्याची जुनी ओळख असणार.

‘‘पुढची लाईट मी समजू शकतो,’’ भाई म्हणाले. ‘‘तुम्हाला रस्ता दिसतो. मागे तुम्ही बघता?’’

‘‘नाही.’’

‘‘म्हणजे पैसे तुमचे, बॅटरी तुमची, आणि बघणार तिसराच. फुकट.’’

याला उत्तर नाही असं नाही. पण वाद घालायला माणसाला आधी बसायला जागा लागते, आणि डबा एकच होता.

‘‘गुरांना असते लाईट?’’ भाईंना आता सूर सापडला होता. ‘‘पावसात सगळी गुरं डांबरावर येऊन बसतात, तिथे कोरडं लागतं म्हणून. फर्मागुढीच्या उतारावर जाऊन बघा. कोणाच्या शेपटीला बांधलीय?’’

‘‘म्हणून तर मरतात, भाई.’’

‘‘गाड्यापण मोडतात,’’ भाई म्हणाले. हिशेब जुळला होता.

पंक्चरसाठी थांबलेला एक पोरगा फिस्सकन हसला. कोणाला, ते त्याने सांगितलं नाही.

मी म्हटलं, भाई, तुमच्याच मताचा एक दिवा आहे, रिफ्लेक्टर. बॅटरी नाही, खर्च नाही. लाल प्लास्टिकच्या आत तीन-तीन पृष्ठांचे बारीक कोपरे असतात, आलेला उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतात. २०२० मध्ये केंद्र सरकारने सायकलच्या रिफ्लेक्टरचा दर्जा ठरवणारा आदेशही काढला. पण त्याला मागच्या गाडीचा उजेड लागतो, आणि तो नेमका त्याच्यावर पडावा लागतो. वळणावर पडत नाही. चिखल उडाला की पडून उपयोग नाही. भाईंनी ‘मागच्या गाडीचा उजेड लागतो’ एवढंच ऐकलं आणि ‘‘बघा, मी तेच म्हणतोय’’ म्हणून पोराकडे विजयी मुद्रेने बघितलं.

एव्हाना काउंटरवर माल आला होता. एक दिवा रस्त्यावर दोन्ही बाजूंना लेझरच्या लाल रेघा मारत होता, म्हणजे तेवढी पट्टी आपली. गोव्यात लोक पांढरे पट्टे मानत नाहीत, माझी लाल रेघ कोण मानणार? दुसऱ्याला सायरन होता. तिसऱ्यात एकवीस पद्धतींची लुकलुक. ‘‘ही घ्या,’’ भाई म्हणाले, ‘‘दिवाळीत आमच्या वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या डोळ्यांना हीच लावली होती. स्पर्धेत दुसरा नंबर आला.’’ पुढची काही मिनिटं पहिला नंबर चुकीच्या वाड्याला कसा दिला गेला, परीक्षकांपैकी कोण कोणाचा मेव्हणा होता, आणि जीभ आत-बाहेर करणारी मोटर ऐनवेळी कशी अडकली, हे सगळ्यांनी ऐकलं. दुकानदारही कपाटातून बाहेर आला. खोटं कशाला बोलू, मोटरचं मलाही वाईट वाटलं.

खरं तर मी तयारी करून गेलो होतो. मागच्या दिव्यात नुसते लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, बघून भागत नाही. वीस-तीस लुमेनचा लाल दिवा रात्री पुरतो. भर दिवसा दिसायला हवा असेल तर शंभराच्या आसपास जावं लागतं, आणि तोच रात्री पूर्ण जोरावर ठेवला तर मागच्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. उजेड बाजूंनाही फाकायला हवा, कारण आपल्याकडे गाडी नेहमी मागूनच येते असं नाही, ती आडव्या गल्लीतून न बघता येते. दिवा घट्ट बसायला हवा. आणि पाणी! खोक्यावर आयपीएक्स ४ लिहिलेलं असतं, म्हणजे शिंतोडे चालतील. आयपीएक्स ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी हरकत नाही. ज्या गावात वर्षाला शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो तिथे शिंतोड्यांवर भागतंय होय? शिवाय मागच्या दिव्यावर पाऊस वरून पडतो त्याहून जास्त चाकावरून खालून उडतो, तांबड्या मातीसकट. चार्जिंगच्या भोकावरचं रबराचं झाकण जरा सैल असलं की आत चिखलाचा गणपती.

आमच्या लहानपणी डायनॅमो होता. टायरला घासणारी बाटली, सहा व्होल्ट, तीन वॅट, त्यातले मागच्या दिव्याच्या वाट्याला ०.६. चढावर तो मंद व्हायचा आणि थांबलात की विझायचा. म्हणजे जिथे तुम्ही सगळ्यात हळू, तिथेच गायब. आता परदेशात डायनॅमोच्या मागच्या दिव्यात थोडी वीज साठवणारा एक कपॅसिटर असतो, थांबल्यावरही काही मिनिटं उजेड राहतो. शिवाय ब्रेक मारल्याचं ओळखून प्रखर होणारे दिवे आलेत, आणि मागची गाडी १४० मीटरवरून रडारने हेरून सायकलवाल्याला सांगणारेही. ते एका बऱ्या सायकलच्या किमतीत येतात. मागून गाडी येतेय हे कळल्यावर गटारात उडी मारायची की देवाचं नाव घ्यायचं, ते मात्र आपलं आपण ठरवायचं.

‘‘लुकलुकणारी नको, स्थिर हवी,’’ मी म्हटलं. लुकलुकीने लक्ष जातं, पण अंतराचा अंदाज स्थिर दिव्याने बरा येतो. जर्मनीत तर सायकलला लुकलुकता मागचा दिवा चालतच नाही. इंग्लंडमध्ये २००५ पासून चालतो, पण मिनिटाला ६० ते २४० वेळा लुकलुकायला हवा.

‘‘मोजतो कोण?’’ भाईंनी विचारलं.

खरंच, मोजतो कोण? काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं लिहिलेली भाड्याची जीप, आत चौघे पाहुणे, एक हात खिडकीबाहेर, मोबाईलवर मंगेशीचा रस्ता, हेडलाईट कायमची हाय बीमवर. तो मोजणार? आणि जे स्थानिक आहेत त्यांना रस्ता पाठ आहे, त्यामुळे तिकडे बघायची गरजच उरलेली नाही. कंत्राटदार चर खणतो आणि पुढे झाडाची फांदी उभी करतो. झाली सूचना. कोणी पडलं की दुसऱ्या दिवशी फांदी बदलतात, ताजी पानं येतात. या सगळ्यात माझ्यासारख्याने खिशातले बाराशे रुपये घालून लाल ठिपका लावायचा आणि त्याचंही स्पष्टीकरण रंगाच्या डब्याला द्यायचं.

‘‘दिसते की नाही ते आधी बघून घेऊ,’’ भाई अचानक उभे राहिले. आता ते माझ्या बाजूचे झाले होते, आणि तेच जास्त वाईट झालं. ‘‘पलीकडे जा. पाठ करून उभे राहा. लाईट सीटच्या उंचीला धरा.’’

आणि मी गेलो. माणूस अशा वेळी का जातो कोण जाणे. हातात पेटवलेला दिवा घेऊन, रस्ता ओलांडून, झेरॉक्सच्या दुकानाकडे तोंड करून उभा राहिलो.

‘‘खाली!’’ मागून आवाज आला. ‘‘सीट एवढी वर असते? वाका!’’

वाकलो.

‘‘अजून थोडं वाका!’’

झेरॉक्सवाली मुलगी मशीनचं झाकण उघडं ठेवून बघत होती. मिनीबसचा कंडक्टर दारात लोंबकळत ‘‘पोणजे पोणजे पोणजे’’ करत आला, माझ्यापाशी बस हळू झाली, आणि त्याने मनापासून विचारलं, ‘‘येता?’’ बारावीच्या वर्गातला एक मुलगा आईला स्कूटरवर घेऊन चालला होता. थांबला. ‘‘सर, कंबर धरली?’’ आई म्हणाली, धरू का? मी कमरेपाशी लाल दिवा धरून ‘‘नाही, नाही, सायकल घेतलीय’’ असं काहीतरी म्हटलं. आसपास सायकल कुठेही नव्हती. मुलगा जाताना दोनदा मागे वळून बघत होता. सोमवारी सगळ्या वर्गाला कळलेलं असणार होतं, आणि कळलं.

शेवटी मान वळवून ओरडलो, ‘‘दिसतोय का?’’

भाई डब्यावर बसून पेपर वाचत होते.

‘‘भाई!’’

‘‘अं? हो, हो. थांबा, बघतो. हा सावईवेऱ्याचा गेला वाटतं, माझ्या वर्गात होता.’’ मग डोळे किलकिले करून, ‘‘आता मधे टेम्पो आला. तसेच राहा.’’

राहिलो नाही. परत आलो. दुकानदाराने तोवर मला हवा तोच दिवा, स्थिर, रबरी पट्ट्याचा, बाजूला काढून ठेवला होता. सीटखाली लावायला निघाला तेव्हा तो पंक्चरवाला पोरगा पहिल्यांदा बोलला. ‘‘रेनकोट घालता ना तुम्ही? सीटवर लावला तर पाठीमागचा घोळ त्याच्यावर येणार. खाली मागच्या दांडीला लावा, चाकाच्या बाजूला.’’ एवढा वेळ उलटून गेल्यावर त्या दुकानात उच्चारलेलं पहिलं शहाणपणाचं वाक्य. दिवा खाली लागला.

‘‘मी तेच सांगत होतो,’’ भाई म्हणाले. ‘‘खाली, खाली म्हणून ओरडत नव्हतो?’’

दुकानदाराने बिल कागदाच्या तुकड्यावर लिहिलं. दिवा, जादा रबरी पट्टा, आणि त्याखाली साठ रुपये, पुढे काही नाही. हे कसले, म्हणून विचारलं.

‘‘तुम्ही पलीकडे होता तेव्हा चहा-भजी मागवली,’’ तो पेन खिशाला लावत म्हणाला. ‘‘भाईंनी म्हटलं, तपासणीची सरांच्या बिलात घाल.’’