‘सैराट’चा गल्ला ही मंजुळेंची फूटपट्टी नव्हे

गेले काही दिवस सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: नागराज मंजुळे म्हणजे एका सिनेमाचा दिग्दर्शक. ‘सैराट’ चालला तो गाण्यांवर, पब्लिक नाचून घरी गेलं. पुढं ‘नाळ’, ‘झुंड’, ‘घर बंदूक बिरयानी’ असं एकेक करत गाडं घसरत गेलं, कारण या माणसाकडं जात सोडून दुसरा विषय नाही. आणि आपण मात्र तो जेऊरचा, आपल्या जिल्ह्याचा म्हणून त्याला डोक्यावर घेऊन बसलोय.

हा मजकूर पुढं ढकलणाऱ्यांत सिनेमा मनापासून बघणारी माणसंही आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

आधी ती यादीच तपासू. ‘नाळ’चे दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी आहेत, ‘सैराट’चा कॅमेरा सांभाळलेले. ‘घर बंदूक बिरयानी’ हेमंत अवताडे यांनी दिग्दर्शित केलाय. दोन्हींत मंजुळे निर्माते आणि नट म्हणून आहेत. म्हणजे ‘घसरगुंडी’च्या तीन नावांपैकी दोन त्यांच्या दिग्दर्शनाची नाहीतच. शिवाय ‘नाळ’ घसरला कुठं? तो लोकांनी उचलून धरला आणि पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. त्याच्या आदल्या, ६५व्या राष्ट्रीय पुरस्कारांत मंजुळेंना स्वतःला ‘पावसाचा निबंध’ या लघुपटासाठी दिग्दर्शनाचा पुरस्कार होता. या लघुपटाचं नाव त्या मजकुरात नाही. २००९चा ‘पिस्तुल्या’ नाही, की ‘फँड्री’ नाही. तिन्हींना राष्ट्रीय पुरस्कार आहेत. एवढं सगळं गाळल्यावर माणूस एका सिनेमाचाच उरणार.

दुसरा मुद्दा गाण्यांचा. अजय-अतुलच्या गाण्यांनी लोकांना थेटरापर्यंत आणलं, हे कुणीच नाकारणार नाही. पण ‘सैराट’ पुन्हा नीट बघा. चारही गाणी पूर्वार्धात संपतात. पावणेतीन तासांहून मोठ्या सिनेमाचा उत्तरार्ध गाण्याशिवाय आहे: झोपडपट्टीतली खोली, कामाच्या पाळ्या, संशय, भांडण, घरची आठवण. शेवटी तर आवाजही काढून घेतलाय. नुसत्या गाण्यांसाठी आलेला माणूस मध्यंतरानंतर कंटाळून गेला असता आणि बाहेर येऊन चार जणांना ‘जाऊ नका’ म्हणाला असता. तोंडी प्रसिद्धी अशी उलटली की दुसऱ्या आठवड्यात सिनेमा उतरतो. इथं तर गर्दी आठवड्यामागून आठवडे टिकली, खेळ वाढवावे लागले, आणि १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला. झिंगाटवर खुर्च्या सोडून नाचणारी पोरं शेवटाला मान खाली घालून बाहेर पडताना आपण सगळ्यांनी पाहिलीत. त्यांना शेवट कळला नाही असं म्हणणं हा त्या पोरांचा अपमान आहे.

‘सैराट’च्या उत्तरार्धात आर्ची-परशा ही प्रेमी जोडी पळून हैदराबादला जाते, त्याबद्दल एक गोष्ट सोलापूरकरांनीच सांगायला हवी. ‘हैदराबाद कशाला, पळून जायचं तर मुंबई-पुण्याला जातील ना,’ असं त्या मजकुरात खोचकपणे विचारलंय. ज्यानं विचारलं त्यानं आपला नकाशा पाहिलेला नाही. जेऊर हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशन. तीच लाइन कुर्डुवाडी, सोलापूर करत वाडीला जाते आणि तिथून हैदराबादचा फाटा. आपल्याकडच्या माणसाला हैदराबाद परकं नाही. शहराच्या पूर्व भागात पिढ्यान् पिढ्या तेलुगू बोलली जाते. आर्ची-परशाला त्या वस्तीत जे बोलणं कळत नाही, ते पूर्व भागातून आलेल्या प्रेक्षकाला थेट कळत होतं. इतर गावांत हा भाग आर्चीच्या बाजूनं पाहिला गेला असेल. इथं तो शेजाऱ्यांच्या बाजूनंही पाहता आला: कोण ही पोरगी, मोठ्या घरची दिसते, हिला इथं निभेल का? सिनेमा कसा पोचतो हे बघणारा कुठं बसलाय त्यावरही ठरतं, आणि दिग्दर्शकाला आपला मुलूख ठाऊक असला की अशी दारं उघडी राहतात.

आता ‘जात सोडून विषय नाही’. या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, म्हणून जरा थांबून बोलतो.

‘फँड्री’त गावाच्या सांगण्यावरून जब्या या शाळकरी पोराच्या कैकाडी कुटुंबाला डुकरं धरायची आहेत. शाळेतली पोरं बघतायत, त्याला आवडणारी शालूही आहे, म्हणून जब्या लपत फिरतो. बऱ्याच धावपळीनंतर डुक्कर हाताशी येतं आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. अख्खं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर निघून जातं. पुढं धरलेलं डुक्कर काठीला लटकवून ते शाळेच्या भिंतीसमोरून नेतात, त्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. या दृश्यांत कुणी भाषण करत नाही. ‘जात’ हा शब्दसुद्धा लागत नाही. राष्ट्रगीताला उभं राहायचं हे त्या घराला ठाऊक आहे, पण त्यांच्या बाजूनं कोण उभं राहतं, एवढंच कॅमेरा दाखवतो. हे पाहून ‘पुन्हा तोच विषय’ म्हणणाऱ्यानं एक सांगावं: वाडा, पाटील, सरपंचाची निवडणूक यांवर दशकानुदशकं मराठी सिनेमे आले, तेव्हा ‘किती वेळा तेच’ असं किती जणांनी विचारलं?

आणि हे तिन्ही मोठे सिनेमे एकसारखेही नाहीत. ‘फँड्री’ एका पोराच्या लाजेचा आहे, ‘सैराट’ प्रेमाचा आणि संसाराचा, ‘झुंड’ नागपूरच्या झोपडपट्टीतल्या फुटबॉलचा. जात तिथं आहे, कारण त्या माणसांच्या जगण्यात ती आहे.

‘झुंड’ पडला, हे मान्य. अमिताभ बच्चन असूनही अपेक्षेइतका गल्ला जमला नाही. कोर्टातला वाद आणि कोरोना यांत रखडून तो ४ मार्च २०२२ला आला, आठवड्याभरात ‘द काश्मीर फाइल्स’ आला आणि पडदे तिकडं वळले. पण तिकीटबारीवर पडणं म्हणजे लोकांनी नाकारणं नव्हे. त्यात ‘डॉन’ या पोराची भूमिका केलेल्या अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. हिंदीच्या मोठ्या पडद्यावर आंबेडकर जयंती डीजेसकट, वर्गणीसकट, पोरांच्या नाचासकट आली, आणि ज्यांच्या गल्लीत ती दरवर्षी होते त्यांनी स्वतःला तिथं पाहिलं. हा प्रतिसाद गल्ल्याच्या आकड्यात कुठं मोजणार?

राहिला ‘आपला म्हणून कौतुक’. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, जब्या झालेला सोमनाथ अवघडे करमाळा तालुक्यातल्या केमचा. दोघांच्याही कामाची राष्ट्रीय पुरस्कारांनी दखल घेतली, आणि ते परीक्षक सोलापूरचे नव्हते. ‘सैराट’ बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथंही जिल्ह्याची माया चालत नाही. आणि आपलेपणा आड येत असता तर मी हेही म्हटलं नसतं, की ‘झुंड’चा उत्तरार्ध लांबलाय, पासपोर्ट-व्हिसाच्या धावपळीत मैदानावरची पकड सुटते आणि तीस-एक मिनिटं सहज कमी करता आली असती. यावर कुणाला वाद घालायचा असेल तर जरूर घालू. तो सिनेमावरचा वाद असेल.