खासदाराने प्रश्न विचारून काय होतं? बरंच काही होतं

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुमच्याही ग्रुपवर आला असेल. म्हणे शिक्षण, दिव्यांग, पेन्शन यावर संसदेत बोलणारे खासदार नुसता शो करतात, उत्तरं गुळमुळीत मिळतात, खासगी विधेयक (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं) 1970 नंतर एकही पास झालं नाही, समित्या म्हणजे चहा-बिस्किटं, त्यापेक्षा निधीतून व्हीलचेअर वाटणारा खासदार परवडला.

1970 चं खरंय. त्यानंतर खासदाराच्या खासगी विधेयकाचा थेट कायदा झालेला नाही. पण पुढचं सांगायचं सोयीस्कर राहून गेलं. द्रमुकचे राज्यसभा खासदार तिरुची शिवा यांचं ट्रान्सजेंडर हक्कांचं खासगी विधेयक एप्रिल 2015 मध्ये राज्यसभेत पास झालं आणि लोकसभेत अडकलं. ट्रान्सजेंडर हक्कांवर सुप्रीम कोर्टाचा 2014 चा निकाल होताच, त्यात हे विधेयक, मग सरकारने 2016 ला स्वतःचं विधेयक आणलं आणि 2019 ला कायदा झाला. शिवांनी सुचवलेलं आरक्षण त्यातून गळलं, ते वाईटच झालं, पण विषय टेबलावर कोणी ठेवला होता?

समित्यांचं तर उलटंच आहे. विधेयकं तपासणाऱ्या खासदारांच्या स्थायी समितीची बैठक बंद दाराआड होते, टीव्ही नाही की रील नाही, ज्याला शो करायचाय तो तिथे तासन्‌तास कलमं वाचत कशाला बसेल. दिव्यांग हक्क विधेयक 2014 ला आलं ते अशाच समितीकडे गेलं. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, या मसुद्यात 19 आणि शेवटी 2016 च्या कायद्यात 21, अ‍ॅसिड हल्ल्यातले पीडितसुद्धा त्यात आले.

आता गुळमुळीत उत्तरं. मंत्री म्हणतात 'बाब विचाराधीन आहे', आपण म्हणतो झालं, गुंडाळलं. पण संसदेत हे वाक्य आश्वासन म्हणून धरलं जातं, 'माहिती गोळा करतोय' हेसुद्धा. ते 3 महिन्यांत पुरं करायचं असतं, नाही झालं तर खात्याला मुदतवाढ मागावी लागते आणि संसदेची आश्वासन समिती खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारू शकते. म्हणजे चांगला खासदार मुद्दाम असा प्रश्न टाकतो की खातं लेखी अडकेल. (नुसते आकडे मागणारे कॉपी-पेस्ट प्रश्नही ढीगभर असतात, त्यामुळे अमक्याने इतके प्रश्न विचारले या ग्राफिकवर मीही फार भाळत नाही.)

दरवेळी यश येतं असंही नाही. केंद्राची दिव्यांग पेन्शन 18 ते 79 वयाला महिना 300 रुपये आहे, तीही 80 टक्के दिव्यांगत्व असेल तर, आणि संसदीय समितीने वाढवा वाढवा म्हणून कितीदा लिहिलं तरी आकडा हललेला नाही. पण दोष सरकारचा की लिहिणाऱ्यांचा?

राहिली व्हीलचेअर. वाटा की, कोण नको म्हणतंय, वर्षाला 5 कोटींचा निधी असतो. पण ती खुर्ची घेऊन माणूस दाखला काढायला गेला आणि कार्यालयाला चार पायऱ्या असल्या तर दोघांनी उचलूनच न्यायचं ना? जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून 5 वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायच्या असं 2016 च्या दिव्यांग कायद्यातलं कलम 45 सांगतं, नियम जून 2017 चे, म्हणजे मुदत 2022 लाच संपली. तुमच्या खासदाराने यावर लेखी प्रश्न टाकला होता का, तेवढं संसदेच्या साइटवर नाव टाकून बघा आणि मग तो मेसेज पुढे ढकला.